मावशीचं सेफेपिम आणि एकतीस नंबरची बुरशी

तिसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री मावशीला ताप भरला. १०१.८. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं की ताप १०१ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. त्यामुळे रात्री अडीचला आम्ही वॉर्डात होतो. रक्ताचा रिपोर्ट आला, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २८०. पाचशेच्या खाली गेले की साधा जंतूसुद्धा जिवावर बेततो. केमोच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं, तरी काउंट पडलेच.

सिस्टरने एक छोटी बाटली आणली, तळाशी पांढरी पूड. सिरिंजने पाणी सोडलं, बाटली तळव्यांमध्ये फिरवली, पूड विरघळली आणि फिकट पिवळसर द्राव तयार झाला. तो सलाइनमध्ये गेला. मी लेबल वाचलं. सेफेपिम.

या प्रतिजैविकाचं नाव मी रोज हाताळते. आमच्या प्रयोगशाळेत सेफेपिमच्या कागदी चकत्या असतात, सहा मिलिमीटरच्या, प्रत्येकीवर ३० मायक्रोग्रॅम औषध. जंतू पसरलेल्या प्लेटवर चिमट्याने चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती किती मोकळं वर्तुळ पडलंय ते पट्टीने मोजायचं. अकरा वर्षांत अशी किती वर्तुळं मोजली असतील! पण त्या रात्री पहिल्यांदाच हे औषध माझ्या माणसाच्या शिरेत थेंबाथेंबाने जाताना बघत होते. मावशी डोळे मिटून म्हणाली, "अगं, तू ते समुद्रातल्या बुरशीचं करतेस ना, त्याचं झालं का काही औषध?"

मी म्हटलं, "मावशी, तुझ्या हाताला लावलंय ते तिथूनच आलंय."

ती झोपेत होती, तिला किती कळलं देव जाणे. पण ती गोष्ट तिला नीट सांगायची राहिली होती. ती सांगायची, म्हणून हे लिहितेय.

१९४५. सार्डिनिया बेटावरचं कालियारी शहर. महायुद्ध नुकतंच संपत होतं, शहरात टायफॉइड होता आणि सांडपाणी थेट समुद्रात सोडलं जात होतं. तिथल्या विद्यापीठात जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना प्रश्न पडला की एवढी घाण रोज पडते, तरी समुद्राचं पाणी स्वतःला स्वच्छ कसं करतं? तिथले सूक्ष्मजीव रोगजंतूंना मारत असतील का? सांडपाण्याच्या मोरीजवळचं पाणी त्यांनी उचललं आणि त्यातून एक बुरशी वेगळी केली. तेव्हा तिचं नाव सेफॅलोस्पोरियम ॲक्रिमोनियम. तिच्या अर्काने टायफॉइडचे जंतूही मरत आणि गळवांमध्ये सापडणारे स्टॅफिलोकॉकसही. ब्रोत्झूंनी तो कच्चा अर्क रुग्णांवर वापरूनसुद्धा पाहिला. १९४८ मध्ये त्यांनी हे काम स्थानिक पातळीवरच छापलं, त्यामुळे ते फारसं कोणाच्या नजरेस पडलं नाही. हाताशी साधनं नव्हती, म्हणून त्यांनी बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पाठवला, पेनिसिलिनवर काम करणाऱ्या फ्लोरींच्या संस्थेत.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांच्या हाती त्या बुरशीतून एकामागून एक रेणू लागले. आधी एक सापडला, त्याला नाव दिलं सेफॅलोस्पोरिन पी. त्याची ताकद मर्यादित होती. मग एन सापडला, तो निघाला पेनिसिलिनचाच एक प्रकार. आणि एन शुद्ध करता करता १९५३ मध्ये अगदी थोड्या प्रमाणात तिसराच एक पदार्थ मिळाला. तो म्हणजे सी. त्याचा मारा दुबळा होता. पण पेनिसिलिनला फोडून निकामी करणारं जंतूंचं एन्झाइम या सीला फोडू शकत नव्हतं. कमजोर पण न फुटणारा, अशा रेणूत पुढची वाट आहे हे त्या दोघांनी ओळखलं. १९६१ मध्ये त्याची रचना पक्की झाली, डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा गाभा ठेवून बाजूच्या साखळ्या बदलल्या आणि १९६४ मध्ये सेफॅलोथिन बाजारात आलं. मोरीजवळच्या पाण्यापासून औषधापर्यंत एकोणीस वर्षं. सेफेपिम हे त्याच घराण्यातल्या चौथ्या पिढीचं अपत्य. त्याच्या रेणूचा गाभा आजही त्या बुरशीच्या वंशजांना टाक्यांमध्ये वाढवून मिळवलेल्या सेफॅलोस्पोरिन सीपासूनच बनतो.

ती बुरशी खरंच समुद्राची होती का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मोरीच्या पाण्यातून ती जमिनीवरूनही आली असेल. आमच्या क्षेत्रात हा जुना वाद आहे. १९७९ मध्ये कोलमायर दांपत्याने दोन गट पाडले: फक्त समुद्रातच वाढणाऱ्या आणि बीजाणू धरणाऱ्या बुरशी एका बाजूला, आणि जमिनीवरच्या किंवा गोड्या पाण्यातल्या असून समुद्रातही तग धरणाऱ्या दुसऱ्या बाजूला. औषधी रेणूंच्या याद्या पाहिल्या तर निम्म्याहून जास्त जागा ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांनी अडवलेली दिसते, आणि ही दोन्ही कुळं जमिनीवर सगळीकडे आहेत. मला स्वतःला या जातपडताळणीत रस नाही. बुरशी खारट पाण्यात, स्पंज नावाच्या समुद्री प्राण्याच्या अंगात, शेजारी शेकडो प्रकारचे जंतू असताना जगते, तेव्हा काय बनवते, हे मला हवं असतं.

आणि तग तरी किती धरावी! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हिंदी महासागरातल्या चागोस गर्तेत जवळजवळ ५,९०० मीटर खोलीवरचा गाळ काढला होता. त्या गाळाच्या थरांचं वय काढलं ते साधारण १ लाख ८० हजार ते ४ लाख ३० हजार वर्षं. त्यातून त्यांनी ॲस्परजिलस सायडोवी ही बुरशी प्लेटवर वाढवून दाखवली. हीच सायडोवी कॅरिबियन समुद्रात पंख्यासारख्या प्रवाळांना रोग लावते. एकाच नावाच्या बुरशीची ही दोन रूपं वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. आमच्याकडे स्पंजाचे तुकडे येतात. निर्जंतुक समुद्रपाण्याने ते तीनदा धुवायचे, नखाएवढे कापायचे आणि माल्ट एक्स्ट्रॅक्ट अगारवर, म्हणजे बुरशीच्या जेलीसारख्या खाद्यावर, ठेवायचे. अगार अर्ध्या खारटपणाचा, त्यात जंतू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल. चौथ्या-पाचव्या दिवशी तुकड्याच्या कडेने केसासारखे तंतू दिसू लागतात. प्रत्येक वेगळा रंग, वेगळा पोत, वेगळी प्लेट, वेगळा नंबर. या घडीला माझ्याकडे ऐंशीच्या वर नंबर आहेत.

सत्तेचाळीस नंबरने मला वेड लावलं होतं. हिरवट राखाडी, मखमली. स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर तिच्या अर्काचं वर्तुळ १९ मिलिमीटरचं पडलं, कडा अशी स्वच्छ की जणू कंपासने काढलंय. तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा तेच. मग मोठ्या प्रमाणावर वाढवली: चंबूत तांदूळ आणि समुद्रपाणी, ऑटोक्लेव्ह, त्यावर बुरशी, आणि चार आठवडे काही न करता थांबणं. चार आठवड्यांनी चंबूतला प्रत्येक दाणा बुरशीने गिळलेला असतो. इथिल ॲसिटेटमध्ये तो गठ्ठा भिजवायचा, गाळायचा, रोटाव्हेपरवर द्रावक उडवून द्यायचा. तळाशी उरतो तो तपकिरी, चिकट, काकवीसारखा अर्क. एवढ्या खटाटोपातून दोन-अडीच ग्रॅम.

तो मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, लावला. जंतू मारणाऱ्या भागात एक ठसठशीत शिखर होतं, ३२७ वर. त्याच्या दोन घरं पुढे एक छोटी शेंडी, नेहमीपेक्षा उंच. शिखर फोडलं तर तुकडा मिळाला २६३ वर. ३२७ वजा २६३, चौसष्ट. गंधकाचा एक अणू बत्तीस, दोन अणू चौसष्ट. ती शेंडी गंधकाचीच साक्ष देत होती. मी खुर्चीवर मागे टेकले. दोन गंधकांचा पूल, ३२६ वस्तुमान: ग्लायोटॉक्सिन. १९३६ पासून माहीत असलेला रेणू. जंतू मारतो हे खरं, पण माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशीही तितक्याच तत्परतेने मारतो. औषध म्हणून उपयोग नाही. डीएनए तपासला तर सत्तेचाळीस नंबर निघाली ॲस्परजिलस फ्युमिगेटस, जी मावशीसारख्या काउंट पडलेल्या माणसाच्या फुप्फुसात शिरली तर जीव घेते. त्या दिवसापासून तिची प्लेट सेफ्टी कॅबिनेटच्या बाहेर उघडली नाही.

चौदा महिने गेले होते. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या कामात हे रोजचं आहे. माहीत असलेलाच रेणू पुन्हा हाती लागणं हा नियम, नवा लागणं हा अपवाद. म्हणून आता मी वर्तुळ दिसलं की तांदळाचे चंबू भरायला धावत नाही. आधी थोडासा अर्क मास स्पेक्ट्रोमीटरवर चढवते आणि माहीत असलेल्या वस्तुमानांशी ताडून बघते. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते.

बुरशी हे रेणू बनवतेच कशाला, असं मावशीने एकदा विचारलं होतं. स्पंज दिवसभर पाणी गाळतो, त्याच्या अंगात दाटीवाटीने सूक्ष्मजीव राहतात. तिथल्या बुरशीला पळता येत नाही, चावता येत नाही. अन्नाचा एक कण दोघांच्या मध्ये आला की तिच्याकडे रसायनाशिवाय दुसरं हत्यार नाही. हा रेणू म्हणजे शेजाऱ्याला दिलेलं उत्तर. आणि आम्ही काय करतो? तिला त्या दाटीतून उचलतो, एकटीला स्वच्छ प्लेटवर ठेवतो, पोटभर साखर घालतो. ती गप्प बसते. तिने उत्तर द्यावं कोणाला?

हे नुसतं माझं मत नाही. २००५ मध्ये ॲस्परजिलस निड्युलन्सचा जीनोम वाचला गेला तेव्हा दिसलं की रेणू बनवणाऱ्या जनुकांचे गट तिच्याकडे आहेत त्या मानाने सापडलेले रेणू फारच थोडे. बाकीचे गट प्रयोगशाळेत झोपलेले असतात. त्याआधीच २००२ मध्ये झेक यांच्या जर्मन गटाने मांडलं होतं की एकाच बुरशीचं अन्न, क्षार, भांडं, हवा बदलत गेलं की ती वेगवेगळे रेणू काढते. तांदळावर एक, द्रव माध्यमात दुसरा, क्षार वाढवले की तिसरा.

पण शेजार देण्याचा प्रयोग मला सर्वांत पटतो. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या विल्यम फेनिकल यांच्या गटाने बहामाजमधल्या एका तपकिरी शेवाळावरची पेस्टॅलोशिया जातीची बुरशी घेतली. एकटी वाढवली तर काही नाही. तिच्या चंबूत एक समुद्री जिवाणू सोडला, तर तिने क्लोरीन असलेला एक नवाच रेणू तयार केला. त्याला पेस्टॅलोन म्हणतात. २००१ मध्ये त्यांनी लिहिलं की मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला तो मिलिलिटरमागे ३७ नॅनोग्रॅम एवढ्याशा मात्रेत रोखतो. हे वाचून जगभरच्या प्रयोगशाळांत जोडीने वाढवण्याची लाट आली. मीही त्या लाटेतलीच.

पुढचं तितक्या आवडीने कोणी सांगत नाही. जर्मनीत हा रेणू रासायनिक पद्धतीने बनवला गेला आणि २०१३ मध्ये त्याची ताकद पुन्हा मोजली गेली. ती मूळ आकड्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी भरली. रेणू खरा, शेजाराचा परिणाम खरा, पण ३७ हा आकडा टिकला नाही. तरी आजही लेखांमागून लेखांत ३७ नॅनोग्रॅमच उतरवून घेतलेलं दिसतं. मला याचा मनापासून राग येतो. वॉर्डात कोणीतरी अशाच आकड्यावर आशा लावून बसलेलं असतं.

आमच्याच घरातलं उदाहरण आहे. मावशीच्या मुलाने मला एक मेसेज पाठवला, "समुद्रातल्या बुरशीने कर्करोगाचा नायनाट, शास्त्रज्ञांचा शोध". खाली कॅप्सूलचा फोटो. "ताई, आईला देऊ का?" मी त्याला लगेच फोन केला. म्हटलं, हे बघ, प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशी ब्लीचनेही मरतात. पेशी मेल्या हा पहिला प्रश्न सुटला. निरोगी पेशी वाचल्या का, तो रेणू रक्तात किती वेळ टिकतो, यकृत त्याचं काय करतं, गाठीपर्यंत पोचतो का, हे सगळं अजून बाकी असतं. आणि बुरशीचा कच्चा अर्क कॅप्सूलमध्ये भरला तर त्यात ग्लायोटॉक्सिनही असू शकतं. आईचे काउंट पडलेले असताना तू तिला ते देणार? त्याने दिलं नाही. पण विचारलं नसतं तर?

मग आशा कुठे आहे? मावशीच्या रिपोर्टवरचा २८० आकडा बघताना मला सारखं प्लिनाब्युलिन आठवत होतं. हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळावरच्या एका ॲस्परजिलसमधून फेनिकल यांच्याच गटाला हॅलिमाइड हा छोटा रेणू मिळाला होता. त्याच्या साच्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी प्लिनाब्युलिन घडवलं. पेशी विभागताना जे ट्युब्युलिनचे धागे लागतात, त्यांनाच ते पकडतं, म्हणून आधी ते गाठींविरुद्ध तपासलं गेलं. चाचण्यांत पुढे आलं की केमोनंतर पहिल्या आठवड्यात न्यूट्रोफिलची जी घसरण होते तीही त्याने थोपू शकते. म्हणजे नेमकं मावशीचं दुखणं. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या, मंजुरीसाठी अर्ज गेला, आणि २०२१ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कळवलं की एका चाचणीचा पुरावा पुरेसा नाही, आणखी एक काटेकोर चाचणी हवी.

मावशीच्या खाटेशी बसून मला वाटलं की मंजूर व्हायला हवं होतं. सकाळी डोकं शांत झाल्यावर वाटलं की त्यांचं बरोबर होतं. पेस्टॅलोनचा आकडा ज्या कारणाने मला खटकतो, त्याच कारणाने दुसरी चाचणी मागणं मला मान्य करावं लागतं.

बुरशीच्या बाजूची एक गोष्ट मात्र फार मोठी आहे. समुद्री प्राण्यातल्या एका कर्करोगविरोधी औषधाचा, ट्रॅबेक्टेडिनचा, एक ग्रॅम मिळवायला जवळजवळ एक टन प्राणी लागले असते. समुद्र ओरबाडूनही ते पुरलं नसतं, म्हणून शेवटी एका जिवाणूपासून मिळणाऱ्या रेणूपासून ते बनवावं लागलं. बुरशीचं तसं नाही. स्पंजाचा नखाएवढा तुकडा एकदा आणला की पुन्हा समुद्राकडे हात पसरायला नको. बुरशी हाती आहे, टाकी भरा, वाढवा.

पण ती हाती राहिली पाहिजे. एकतीस नंबर ही माझी सध्याची बुरशी. पांढरी, निरुपद्रवी दिसणारी, एकटी असली की काहीच देत नाही. त्याच स्पंजातून मिळालेला एक जिवाणू तिच्यापासून दोन सेंटिमीटरवर रेघेसारखा ओढला, तर अकराव्या दिवशी दोघांच्या मध्ये अगारमध्ये पिवळी पट्टी उतरली. प्लेट उजेडाकडे धरली की त्या पट्टीत सुईच्या टोकाएवढे स्फटिक चमकतात. वस्तुमान अजून माझ्या कोणत्याच यादीत बसलेलं नाही. मी त्याला औषध म्हणत नाही, नवा रेणूसुद्धा म्हणत नाही. रचना समजेपर्यंत मी त्याला फक्त पिवळी पट्टी म्हणते.

आणि मध्यंतरी ती पट्टी नाहीशी झाली. प्लेटवरून प्लेटवर नेता नेता सातव्या पिढीत बुरशी सुस्तावली, जिवाणू शेजारी असूनही गप्प. आरामात वाढलेल्या बुरशी अशा विसरतात. माझ्या गुरूंनी सुरुवातीलाच हाताला धरून पहिल्या पिढीच्या दोन कुप्या ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशीला ठेवायला लावल्या होत्या, तेव्हा मला तो निव्वळ काटेकोरपणा वाटला होता. त्यातली एक वितळवली. बाराव्या दिवशी पिवळी पट्टी परत आली.

मावशीचा ताप चौथ्या दिवशी उतरला. सहाव्या दिवशी न्यूट्रोफिल १,९०० झाले. घरी निघताना गाडीत मी तिला ब्रोत्झूंची गोष्ट नीट सांगितली, मोरीपासून सेफेपिमपर्यंत. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "ती त्यांची पहिली बुरशी मेली असेल ना आता?"

म्हटलं, "नाही गं. नाव दोनदा बदललं, पण ब्रोत्झूंच्या त्या बुरशीचा वाण अजून जपून ठेवलाय. सुकवून, सीलबंद. पाणी घालून प्लेटवर पसरली की पुन्हा वाढते."

"एवढी वर्षं?"

"ऐंशी."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी ती पिवळीवाली किती ठिकाणी ठेवलीयेस?"

"एक कुपी उरलीय."

"एकच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी सहा भरल्या. तीन आमच्या फ्रीझरमध्ये, तीन दुसऱ्या इमारतीत.